मोहोगनी म्हणजे नेमकं कोणतं झाड? जुन्या ड्रमचा शेल वाचताना

१९५० आणि १९६०च्या दशकांतल्या अमेरिकन ड्रमविषयी काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: शेल तीन थरांचा, मोहोगनी-पॉपलर-मोहोगनी. विक्रीच्या जाहिरातीत हेच, हौशी संग्राहकांच्या लिखाणात हेच, दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडीही हेच. पण हे पाहिलं कुणी? या वाक्याचा माग काढत मागे गेलं की बहुतेक वेळा आपण एखाद्या जुन्या कॅटलॉगपाशी पोचतो, नाहीतर कुणाच्या तरी नजरेच्या अंदाजापाशी. झाडापर्यंत क्वचितच.

मी एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात केलं आणि आता लाकडाच्या सूक्ष्मरचनेवर पीएच.डी. करतेय. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेटच्या तयारीत असाल. संशोधन पद्धतीच्या पेपरासाठी 'प्राथमिक साधन' आणि 'दुय्यम साधन' यांच्या व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. जुना ड्रम त्या व्याख्येची चांगली परीक्षा घेतो. कारण इथे कॅटलॉग हे प्राथमिक साधन आहे, प्रत्यक्ष ड्रम हेही प्राथमिक साधन आहे, आणि दोघांचं एकमेकांशी पटेलच असं नाही. मग कुणाचं ऐकायचं?

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्याकडे तबल्याचं किंवा पखवाजाचं खोड म्हणजे एकाच ओंडक्यातून कोरून काढलेलं लाकूड. ते शिसवाचं आहे की आंब्याचं, हे कारागीर हातात घेऊन सांगतो, कारण खोडाच्या प्रत्येक भागात एकच झाड आहे. पाश्चात्त्य ड्रमचा शेल वेगळ्या रीतीने होतो. लाकडाची पट्टी किंवा पातळ थर वाकवून त्याचं गोल कडं करतात. पट्टी एकच असेल तर ती वाफेवर मऊ करून वाकवायची, टोकं तिरकी तासून एकमेकांवर चिकटवायची, आणि कडं पुन्हा उलगडू नये म्हणून आतल्या बाजूने वर-खाली जाड लाकडी कडी बसवायची. या कड्यांना धंद्यात रिइन्फोर्समेंट रिंग म्हणतात. थर अनेक असतील तर ते प्लायवुडसारखे आडवे-उभे चिकटवायचे, म्हणजे एका थराचे तंतू दुसऱ्याच्या तंतूंना काटकोनात येतात आणि कडं आपोआप आकार धरून राहतं.

शिकागोच्या स्लिंगरलँड कंपनीचे १९३०च्या दशकातले 'रेडिओ किंग' स्नेअर ड्रम एकसंध मेपलच्या वाकवलेल्या पट्टीसाठी प्रसिद्ध आहेत. जीन क्रुपा हा ते वाजवणारा सर्वांत गाजलेला माणूस. पण त्याच 'रेडिओ किंग' नावाने विकलेले टॉम आणि बेस ड्रम तीन थरांच्या प्लायचे होते. स्नेअरची कीर्ती नावाला चिकटली आणि नावाबरोबर अख्ख्या संचावर पसरली. आजही 'रेडिओ किंग, म्हणजे एकसंध मेपल' असं बिनधास्त लिहिलेलं दिसतं. इतिहासात अशी घसरण फार वेळा होते: एका वस्तूबद्दलचं खरं विधान तिच्या सगळ्या भावंडांच्या गळ्यात पडतं.

याच शहरातली दुसरी मोठी कंपनी लुडविग. तिची वंशावळ थोडी गुंतागुंतीची आहे, पण आपल्या कामाची आहे. १९०९ मध्ये विल्यम लुडविग आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी धंदा सुरू केला. १९२९ मध्ये तो सी. जी. कॉन या कंपनीकडे गेला, नावासकट. विल्यमने १९३७ मध्ये नवी कंपनी काढली तेव्हा त्याला स्वतःचंच आडनाव वापरता येईना, म्हणून आद्याक्षरांवर डब्ल्यूएफएल ड्रम कंपनी. १९५५ मध्ये त्याने आपलं नाव कॉनकडून परत विकत घेतलं. म्हणजे शेलवरच्या बॅजवर काय लिहिलंय एवढ्यावरूनच तुम्हाला एक ढोबळ कालखंड मिळतो. लुडविगचे शेल १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तीन थरांचे, आतून रिंग बसवलेले. १९७६ मध्ये सहा थरांचा, रिंग नसलेला शेल आला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ग्रेच कंपनी १९६०च्या दशकातच सहा थरांचे, रिंग नसलेले शेल वापरत होती आणि त्यांना आतून रुपेरी रंग द्यायची. या शेलांचा पुरवठा इंडियाना राज्यातल्या जॅस्पर गावाच्या कारखान्यातून होत असे. थर मोजले, रिंग आहे की नाही पाहिली, आतला रंग पाहिला, की पाच मिनिटांत पहिली चाळणी होते. इथपर्यंत सोपं आहे.

मध्येच एक युद्ध येऊन गेलं. १९४२ मध्ये अमेरिकेच्या वॉर प्रॉडक्शन बोर्डाने वाद्यांमधल्या धातूवर मर्यादा घातली. वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त धातू वापरायचा नाही. ड्रमचं चामडं ताणणारे स्क्रू ज्यात फिरतात त्या धातूच्या ठोकळ्यांना लग म्हणतात. हे लग रातोरात लाकडाचे झाले. स्लिंगरलँडने या मालाला 'रोलिंग बॉम्बर' म्हटलं, लीडीने 'ड्रेडनॉट', डब्ल्यूएफएलने 'व्हिक्टोरियस'. नावांत सगळा आवेश, आणि वस्तू बघावी तर टंचाईची. मला या ड्रमांचं आकर्षण एका कारणासाठी आहे: सरकारी आदेशाची तारीख आपल्याला कागदावरून ठाऊक आहे आणि त्याचा परिणाम लाकडात दिसतो. कागद आणि वस्तू एकमेकांची साक्ष देतात अशी जागा सापडली की तिथून काळ मोजायला सुरुवात करावी. बाकी ठिकाणी एवढं नशीब नसतं.

आता मूळ मुद्दा. कॅटलॉगमध्ये 'मोहोगनी' लिहिलंय. कोणतं मोहोगनी?

वनस्पतिशास्त्रात खरं मोहोगनी म्हणजे स्विटेनिया हा वंश, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, कुळ कडुनिंबाचं. मुंबईत रस्त्याच्या कडेला लावलेली मोहोगनीची झाडं तुम्ही पाहिली असतील, तेच हे. आफ्रिकन मोहोगनी म्हणजे खाया वंश. कुळ तेच, झाड वेगळं. आणि 'फिलिपाइन मोहोगनी' म्हणजे लौआन वगैरे लाकडं. त्यातली बरीचशी शोरिया वंशातली, म्हणजे आपल्या सालवृक्षाची भावंडं. मोहोगनीशी त्यांचा रंगापलीकडे संबंध नाही. गंमत म्हणजे यावर अमेरिकेत कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. १९२०च्या दशकात तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने फिलिपाइन्सचं लाकूड मोहोगनी म्हणून विकणाऱ्यांवर कारवाई केली आणि १९२८ मध्ये अपील न्यायालयाने कमिशनची बाजू उचलून धरली. पुढे 'फिलिपाइन' हा शब्द आधी लावून नाव वापरायची मुभा मिळाली. म्हणजे ज्या काळात हे शेल घडत होते त्याच काळात 'मोहोगनी' हा शब्द भांडणाचा विषय होता. अशा शब्दाला कॅटलॉगच्या एका ओळीवरून झाडाचं नाव समजणं धाडसाचं आहे.

मधल्या थराचंही तसंच. 'पॉपलर' म्हटलं की अमेरिकन सुतार बहुधा ट्यूलिप पॉपलर धरतो. ते लिरिओडेन्ड्रॉन, सोनचाफ्याच्या कुळातलं. खरं पॉपलर म्हणजे पॉप्युलस, ते विलोच्या कुळातलं. ग्रेचच्या शेलमधलं 'गम' हे लिक्विडांबर, त्याचा डिंकाच्या निलगिरीशी काही संबंध नाही. व्यापारी नावं खोटी नसतात, पण ती गिऱ्हाइकासाठी आणि गोदामासाठी असतात. एका नावात चार झाडं मावली तर गोदामाचं काही बिघडत नाही. आपलं बिघडतं.

झाड ओळखायचं तर लाकडाचा आडवा छेद दिसला पाहिजे, म्हणजे तंतूंना काटकोनात कापलेला पृष्ठभाग. पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची तोंडं तिथेच दिसतात: लहान की मोठी, एकेकटी की जोडीने, कशाने भरलेली. अडचण अशी की शेल बाहेरून प्लॅस्टिकच्या आवरणाने झाकलेला, आतून रंगवलेला. उघडं लाकूड फक्त काठावर, जिथे ड्रमचं चामडं टेकतं तिथे. म्हणून सगळे काठच बघतात.

इथे जरा थांबून कागदावर आकृती काढा, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. शेलचे थर पातळ आहेत, ओंडका फिरवत फिरवत सोलून काढलेले, रोलमधून कागद उलगडावा तसे. अशा थराचा सपाट चेहरा म्हणजे स्पर्शीय पृष्ठभाग. ज्या थराचे तंतू शेलमध्ये उभे आहेत, त्याचा आडवा छेद काठावर दिसेल. पण ज्या थराचे तंतू शेलभोवती आडवे फिरतात, त्याचा काठावर दिसणारा पृष्ठभाग हा त्रिज्यीय छेद असतो. तंतू तुमच्यासमोर लांबीत पसरलेले. वाहिन्यांची तोंडं तिथे दिसणारच नाहीत, ओरखड्यासारख्या रेघा दिसतील. तीन थरांत तंतूंची दिशा आलटून-पालटून असते, त्यामुळे काठावरून तुम्ही एक तरी थर चुकीच्या छेदात बघत असता. 'मेपलची छिद्रं बारीक असतात आणि इथे तर रेघा आहेत, म्हणजे मेपल नव्हे' अशा निष्कर्षात छेदाचीच गल्लत आहे.

मग सगळ्या थरांचा आडवा छेद कुठे मिळेल? शेलला पाडलेल्या गोल भोकात. भोकाची भिंत सगळीकडे वळते, म्हणून उभ्या तंतूंच्या थराचा आडवा छेद भोकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला दिसतो, आणि आडव्या तंतूंच्या थराचा डाव्या-उजव्या टोकाला. एकाच भोकात प्रत्येक थर कुठे ना कुठे आपलं तोंड दाखवतो. त्यासाठी शेल कापावा लागत नाही, की काही खरवडावं लागत नाही.

सगळ्यांत ऐसपैस भोक हवा बाहेर जाण्यासाठी ठेवलेलं असतं. पण लुडविगसह बऱ्याच कंपन्यांनी नेमका तिथेच बॅज बसवला. भोकातून धातूची एक बारीक नळी, ग्रॉमेट, ओवून तिची कड दाबली की बॅज पक्का. ती नळी काढायची म्हणजे कड उलगडायची, आणि एकदा उलगडलेली कड पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. ड्रम जसा कारखान्यातून निघाला तसाच आहे, याचा एक महत्त्वाचा पुरावा ही न छेडलेली नळी आहे. लाकडाचा पुरावा पाहायला गेलात तर दुसरा पुरावा कायमचा मोडतो. संग्रहालयातला असो की कुणाच्या घरचा, मी तरी ती काढू नये या मताची आहे.

त्याऐवजी एक लग काढा. दोन स्क्रू आतून सुटले की लग हातात येतो आणि खाली दोन लहान भोकं उघडी पडतात, बॅजखालच्या भोकापेक्षा अरुंद, पण रचना तीच. लेन्स, बारीक दिवा, जमलं तर पेनाएवढा एंडोस्कोप. लग परत बसवला की काही झाल्याची खूणही राहत नाही. शिवाय लगच्या खालचा पृष्ठभाग कारखान्यापासून उजेड न पाहिलेला असतो. त्याचं महत्त्व पुढे येईलच.

भोकात काय शोधायचं? बाहेरच्या थराच्या वाहिन्या नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतक्या मोठ्या असतील, तर मेपल बाद. आता त्यांच्या मधून पांढुरक्या ठिपक्यांच्या लांब, समांतर ओळी जातात का ते बघा. त्या राळेच्या नलिका. शोरियात त्या असतात, स्विटेनियात अशा ओळी नैसर्गिकरीत्या नसतात. दिसल्या तर लौआनच्या बाजूचा पुरावा भक्कम. स्विटेनियात त्याऐवजी वाढीच्या वलयाच्या हद्दीवर फिकट पॅरेन्कायमाची बारीक रेघ असते. खायात ती सहसा नसते. पाठ्यपुस्तकात एवढं वाचून आपण खूश होतो. पण थर जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा आहे हे विसरू नका. एवढ्या जाडीत वलयाची हद्द एकदाही येणार नाही, असं सहज घडतं. तेव्हा रेघ दिसली तर तो पुरावा, न दिसली तर तो काहीच नाही. 'नाही दिसलं' आणि 'नाही' यांत फरक आहे, आणि थर जितका पातळ तितका तो फरक मोठा. व्हायव्हामध्ये परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

आतला थर रंगवलेला नसेल तर आणखी एक खूण मिळते. स्विटेनियाचे मज्जाकिरण बहुतेक वेळा एका पातळीत, मजल्यांसारखे रचलेले असतात; त्यामुळे स्पर्शीय पृष्ठभागावर लेन्सखाली बारीक आडव्या लहरी दिसतात. सोलून काढलेल्या थराचा चेहरा स्पर्शीयच असतो, म्हणजे शेलची आतली बाजू यासाठी अगदी योग्य. पण लुडविगच्या १९६०च्या दशकातल्या बऱ्याच शेलांना आतून पांढरा रंग आहे आणि साधारण १९६८ नंतर पारदर्शक फिनिशखाली लाकूड दिसू लागतं. रंग खरवडून लहरी शोधायचा मोह होतो. करू नका, तो रंगही कालखंडाचा पुरावा आहे.

मधल्या थरासाठी भिंग पुरत नाही, सूक्ष्मदर्शक हवा. वाहिनीच्या दोन पेशी जिथे जोडल्या जातात तिथली पडदी लिरिओडेन्ड्रॉनमध्ये शिडीसारखी असते, पॉप्युलसमध्ये एकच मोकळं भोक. पॉप्युलसचे मज्जाकिरण एका पेशीच्या रुंदीचे, लिरिओडेन्ड्रॉनचे अधिक रुंद. त्यासाठी भोकाच्या कडेला आधीच सुटलेली एखादी कुसळी पुरते. लिक्विडांबरमध्येही पडदी शिडीसारखीच असते, पायऱ्या पुष्कळ असतात. म्हणून फक्त शिडीवर निकाल देता येत नाही, बाकीची लक्षणंही जुळवावी लागतात. अशा जुळवणीसाठी आंतरराष्ट्रीय लाकूड-रचना संघटनेने १९८९ मध्ये रुंदपर्णी झाडांच्या १६३ सूक्ष्म लक्षणांची यादी छापली. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीचा 'इनसाइडवुड' हा मोफत संग्रह त्याच यादीवर चालतो. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. कधी जायला मिळालं तर सोडू नका.

मेपलबाबत एक जुनी सोपी चाचणी आहे. फेरस सल्फेटच्या पातळ द्रावणाने टणक मेपल हिरवट होतं, मऊ मेपल निळसर काळं. छान आहे, पण डाग कायमचा पडतो. सुट्या कुसळीवरच करा.

आता फिनिश. इथे रसायनशास्त्रवाल्यांनी सावध बसावं. पहिल्या महायुद्धानंतर ड्यूपाँ कंपनीकडे नायट्रोसेल्युलोजचं ज्ञान आणि क्षमता दोन्ही भरपूर होती. धूरविरहित दारूचा तोच कच्चा माल. त्यातून १९२३ मध्ये 'ड्यूको' हा मोटारींचा चटकन वाळणारा रंग आला. १९३० ते ५०च्या दशकांतल्या ड्रमांवर दोन रंगांचे जे पट्टे दिसतात, निळा-रुपेरी वगैरे, त्यांना कॅटलॉग 'ड्यूको' म्हणतात. मोटारीचा रंग ड्रमवर आला. दुसरीकडे त्याच ड्यूपाँचं 'पायरालिन' हे सेल्युलॉइड: नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. त्याचे पत्रे शेलवर गुंडाळून चिकटवत, त्याला रॅप म्हणतात. मोत्यासारखी झाक असलेला पांढरा, काळा, चमचमणारा निळा, सगळे रॅपच. म्हणजे फवारलेला ड्यूको आणि गुंडाळलेलं पायरालिन दिसायला पूर्ण वेगळे, पण पायाभूत रेणू एकच.

अवरक्त वर्णपटात, एफटीआयआरमध्ये, नायट्रोसेल्युलोजच्या तीन ठळक पट्ट्या असतात: १६५०, १२८० आणि ८४० प्रति सेंटिमीटरच्या आसपास. तिन्ही हव्यात. १६५० जवळची एकटी पट्टी प्राणिज सरसामुळेही येते, कारण प्रथिनांचा अमाइड बंधही तिथेच शोषतो. आणि ड्रमवर रॅपच्या खाली गोंद असणारच. तसंच १७४० जवळची पट्टी दिसली की लगेच सेल्युलोज ॲसिटेट म्हणू नका, सेल्युलॉइडमधल्या कापराचा कार्बोनिल गटही तिथेच येतो. उपकरण उत्तर देत नाही, पट्ट्या देतं. उत्तर आपण लावतो आणि चुकलो तर उपकरणाला दोष देता येत नाही.

नायट्रोसेल्युलोज वयाबरोबर पिवळं पडतं. हा निव्वळ रासायनिक तपशील वाटेल, पण याने रंगांची नावंच बदलली आहेत. निळ्या चमचमत्या रॅपवर पिवळा थर चढला की तो हिरवा दिसतो. रुपेरी असेल तर शॅम्पेनसारखा सोनेरी होतो. आणि हिरवा व शॅम्पेन हे रंग कंपन्यांकडे वेगळे उपलब्धही होते. समोरचा ड्रम मुळात हिरवा की म्हातारा झालेला निळा? तो काढलेला लग आठवा. त्याच्या खालची जागा उजेडापासून वाचलेली असते. तिथे निळं दिसलं तर प्रश्न मिटला. कुठेच फरक नसेल, लगच्या सावलीचा ठसाच नसेल, तर वेगळी शंका घ्यायला हवी: हा रॅप नंतर चढवलेला तर नाही?

ही शंका पैशांशी जोडलेली आहे. १९६३ मध्ये रिंगो स्टारने लंडनमध्ये लुडविगचा काळ्या ऑयस्टर झाकेचा संच घेतला. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स 'एड सुलिव्हन शो'मध्ये आले, सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी पाहिलं, आणि समोरच्या बेस ड्रमवर 'लुडविग' हे नाव होतं. लुडविगचा कारखाना मागणी पुरी करता करता दमला. तेव्हापासून काळा ऑयस्टर हा सर्वांत हवाहवासा रॅप आहे, आणि त्याची नवीन नक्कल मिळते. जुन्या साध्या पांढऱ्या ड्रमवर नवा काळा ऑयस्टर चढवला तर लाकूड अस्सल, बॅज अस्सल, लग अस्सल, फक्त गोष्ट खोटी. नवे रॅप बहुधा पीव्हीसीचे असतात. वर्णपटात नायट्रेटच्या तिन्ही पट्ट्या गायब आणि कार्बन-क्लोरिनची पट्टी ६००-७०० च्या पट्ट्यात हजर. यासाठी लगखालच्या कडेचा नखाएवढाही तुकडा लागत नाही. डायफिनाइलअमाइनची ठिपका-चाचणीही आहे, नायट्रेट असेल तर गडद निळा रंग. पण त्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं, प्रयोगशाळेबाहेर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि तारीख? लुडविगच्या बॅजवर साधारण १९६३ च्या शेवटापासून अनुक्रमांक यायला लागले. त्यांवरून वर्ष सांगणाऱ्या याद्या संग्राहकांनी खपून बनवल्या आहेत, आणि त्या उपयोगीही आहेत. पण कारखान्यात बॅज खोक्यातून हाताला येईल तसे उचलले जात, क्रमाने नाही. एकाच संचातल्या दोन ड्रमांचे आकडे एकमेकांपासून लांब असू शकतात. त्याउलट अनेक शेलांच्या आत लाल शाईचा तारखेचा शिक्का आहे. शिक्का आणि आकडा यांचं पटलं नाही तर मी शिक्क्याच्या बाजूने जाते, कारण तो शेलवर थेट मारलेला आहे, बॅज नंतर बसलेला. पण शिक्का सांगतो तो शेलचा कारखान्यातला दिवस. ड्रम दुकानात कधी पोचला, आज अंगावर असलेला रॅप कधीचा, हे तो सांगत नाही. एका ड्रमला एकच तारीख असते हा समज सोडून द्या. लाकडाची, रंगाची, बॅजची आणि रॅपची अशा चार तारखा असतात, आणि त्या एका वर्षात पडल्या तर आपलं नशीब चांगलं.

शेवटी नोंद कशी लिहायची ते. 'मोहोगनी-पॉपलर-मोहोगनी' असं लिहून मोकळं होता येतं, पण पुढच्या माणसाला ते कॅटलॉगवरून उतरवलं की पाहून लिहिलं हे कळणार नाही. त्यापेक्षा असं लिहा: बाहेरचा थर, स्विटेनिया किंवा खाया, राळेच्या नलिका दिसल्या नाहीत, पाहिलेली जागा तीन क्रमांकाच्या लगचं वरचं भोक. मधला थर, लिरिओडेन्ड्रॉन, कुसळीवरून, सूक्ष्मदर्शकाखाली. आतला थर, पांढऱ्या रंगाखाली, ओळखलेला नाही. रॅप, सेल्युलोज नायट्रेट, तिन्ही पट्ट्या. गाईड पहिल्यांदा वाचताना विचारतील, "हे 'स्विटेनिया किंवा खाया' काय आहे, ठरव ना एक." ठरवू नका. प्रजातीपर्यंत तर मुळीच जाऊ नका. लाकडावरून वंश सांगता येतो, प्रजाती सहसा नाही.

आणि लग काढताना भोकातून चिमूटभर भुसा पडतो, तो फुंकून टाकू नका. कागदाची पुडी करा, वर ड्रमचा क्रमांक, भोकाचा क्रमांक आणि तारीख लिहा, आणि नोंदीसोबत ठेवा.